७१ टक्के आणि परत

घरच्या कॉम्प्युटरचं एक अपडेट आमच्याकडे बावीस दिवस अडकलं होतं. बावीस हा आकडा मला पाठ आहे तो माझ्यामुळे नाही, बाबांमुळे, ते पुढे येईलच. सिस्टम कुठली, कंपनी कुठली ते लिहीत नाही. एक तर त्याने काही फरक पडत नाही, आणि दुसरं म्हणजे नाव घेतलं की लोक लगेच "तरी सांगत होतो दुसरी टाक" सुरू करतात. मी दुसरी पण टाकून बघितलेली आहे, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या दुसरीतच निघालं. पण ते पण पुढे.

कॉम्प्युटर म्हणजे सहा वर्षं जुना डेस्कटॉप. चौघं वापरतात. बाबांना बातम्या, मेल, अधूनमधून एखादा फॉर्म प्रिंट करायचा असतो, लेकीचा अभ्यास, हिचं घरून काम असेल त्या दिवशी हिचं, आणि उरलेल्या वेळात मी. म्हणजे मशीन बंद पडलं तर एकाची नाही, चौघांची बोंब. आणि बोंब ऐकायला मी एकटा, कारण घरात "कॉम्प्युटरमधलं कळणारा" असा माझा एक खोटा लौकिक आहे.

एका रात्री काम संपवून बंद करायला गेलो तर नुसतं शटडाउन दिसेना, "अपडेट करून बंद करा" एवढंच. म्हटलं कर बाबा. झोपलो. सकाळी बाबांनी चालू केलं आणि हाक मारली, अरे हे गोल गोल फिरतंय नुसतं. बघतो तर निळा पडदा, अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, १२ टक्के. ठीक आहे, होईल. अर्ध्या तासाने ४० टक्के. मग ६४. मग ७१. मग स्क्रीन काळी, मग परत चालू, आणि आता लिहिलेलं की अपडेट पूर्ण करता आलं नाही, बदल मागे घेत आहोत, बंद करू नका. आणि हे मागे घेणं जायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ. सव्वा तास. शेवटी डेस्कटॉप आला, सगळं जागच्या जागी, काहीच झालं नाही अशा थाटात. कोपऱ्यात एक छोटी चौकट, "काहीतरी चुकलं. आम्ही नंतर पुन्हा प्रयत्न करू."

या वाक्यावर माझा खरा राग आहे. काहीतरी म्हणजे काय? डॉक्टरने तपासून "काहीतरी झालंय" एवढंच सांगून पुढच्या पेशंटला बोलावल्यासारखं. आणि खालचं वाक्य तर धमकीच होती हे मला नंतर कळलं, कारण ते नंतर म्हणजे त्याच रात्री. आणि मग दुसऱ्या दिवशी. आणि मग त्यानंतर.

आता टक्क्यांबद्दल एक गोष्ट, जी मला आधी माहीत नव्हती. तो आकडा म्हणजे वेळेचा हिशोब नसतो. आपण समजतो ५० झालं म्हणजे अर्धा वेळ गेला, अर्धा राहिला. तसं काही नाही. अपडेटचे टप्पे असतात, आधी फाइली उतरवून घ्यायच्या, मग त्या उघडून एका बाजूला मांडून ठेवायच्या, हे सगळं आपण काम करत असताना मागे चालतं, आणि मग रिस्टार्ट झाल्यावर सिस्टम झोपलेली असताना तिच्या खालच्या फाइली बदलायच्या, कारण चालू असताना त्या फाइलींना हात लावता येत नाही. मग परत रिस्टार्ट, ड्रायव्हर (प्रिंटर, कॅमेरा वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम), सेटिंग, आपली अ‍ॅप्स वगैरे. प्रत्येक टप्प्याला टक्क्यांचा एक तुकडा वाटून दिलेला. त्यामुळे ३० वर वीस मिनिटं उभं राहणं आणि मग दोन मिनिटांत ५५ होणं हे दोन्ही नॉर्मल. पण प्रत्येक वेळी त्याच आकड्यावरून परत फिरणं, हे नॉर्मल नाही. ते काहीतरी सांगत असतं. मला ते पहिल्या आठवड्यात कळलं नाही, बाबांना कळलं.

बाबांची सवय अशी की कुठलीही गोष्ट दोनदा बिघडली की वहीत लिहायचं. पाण्याचा पंप, घड्याळ, काहीही. तिसऱ्या दिवशी बघितलं तर त्यांनी एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून कोष्टक केलेलं. तारीख, सुरू केल्याची वेळ, किती टक्क्यांवर गेलं, किती वाजता परत फिरलं. म्हणाले, "हे बघ, रोज ७१. एकदाही ७० नाही, ७२ नाही." मी म्हटलं हो बाबा, बघतो. म्हणजे बघितलं नाही. मला वाटलं नेट स्लो असेल.

मग सुरू झाले माझे उपाय. नेट बदललं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवून घेतलं. ७१. अँटीव्हायरस बंद केला. ७१. प्रिंटर, पेनड्राइव्ह, कॅमेरा, मागचं सगळं काढून फक्त कीबोर्ड माउस ठेवला, कारण कुणीतरी लिहिलं होतं की जोडलेल्या डिव्हाइसमुळे अडतं. ७१. सिस्टममध्ये एक ट्रबलशूटर दिलेला असतो, तो चालवला, त्याने पाच मिनिटं विचार करून सांगितलं की काही समस्या आढळल्या आणि दुरुस्त केल्या, कुठल्या ते नाही सांगितलं, ७१. काळ्या खिडकीत कमांड टाकून सिस्टमच्या फाइली तपासून घेतल्या, त्यात खरंच दोनचार खराब निघाल्या आणि दुरुस्त पण झाल्या, मला वाटलं आता झालं, त्या रात्री मी अगदी खुर्ची ओढून समोर बसलो मॅच बघितल्यासारखा. ६९, ७०, ७१. काळी स्क्रीन. बदल मागे घेत आहोत.

डिस्कवर जागा नसेल म्हणून फोटो, जुने व्हिडिओ सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवलं, एक अख्खा रविवार त्यात गेला. खरं तर १ टीबीच्या डिस्कवर आधीच ४०० जीबी मोकळी होती. पण सगळीकडे पहिला सल्ला तोच, जागा मोकळी करा, म्हणून केली. हे जागेचं प्रकरण लक्षात ठेवा, कारण सल्ला बरोबर होता, फक्त जागा चुकीची होती.

मधे एक साइड शोध लागला तो सांगतो, कारण तो कुणाच्याही उपयोगी पडेल. कॉम्प्युटर सलग किती वेळ चालू होता याची नोंद सिस्टम ठेवते, ती बघितली तर अपडेट अडकायच्या आधीचा आकडा ४३ दिवस. मी म्हटलं हे शक्यच नाही, बाबा रोज रात्री आठवणीने बंद करतात, स्विचसकट. मग कळलं की आजकाल शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतंच. लवकर चालू व्हावं म्हणून सिस्टमचा गाभा डिस्कवर तसाच गोठवून ठेवतात आणि सकाळी तोच परत वितळवतात. पूर्ण झाडून पुसून नव्याने सुरू होतं ते फक्त रिस्टार्टला. म्हणजे बाबा चाळीस दिवस जे शटडाउन करत होते ते एका अर्थाने पडदा ओढून घेणं होतं. मी ते फास्ट स्टार्टअप बंद केलं. त्याने मशीन जरा बरं चालायला लागलं, लेकीची आवाज मधेच जाण्याची तक्रार पण थांबली. अपडेट? ७१.

दुसऱ्या आठवड्यात घरातलं वातावरण बिघडायला लागलं. कारण आता ते अपडेट आपणहून वेळ ठरवायला लागलं होतं. कामाचे तास कुठले ते सांगून ठेवायची सोय असते, त्या वेळात रिस्टार्ट करत नाही म्हणतात, पण आमच्या घरात कामाचे तास चौघांचे चार, बाबा पहाटे पाचला उठून बसणारे, लेक रात्री बारापर्यंत. दिलेल्या चौकटीत ते मावेना. आणि एकदा हिची मीटिंग सकाळी सव्वानऊला, हिने नऊला चालू केलं तर १८ टक्के. मी काही बोललो नाही. ही पण काही बोलली नाही. ते जास्त वाईट होतं. मीटिंग मोबाइलवर केली आणि संध्याकाळी एवढंच म्हणाली, "हे मशीन आपलं आहे ना नक्की?"

प्रश्न बरोबर होता. आपल्या घरातलं, आपल्या टेबलावरचं, आणि ते कधी चालू असणार हे दुसरंच कुणीतरी ठरवतंय.

माझा एक मित्र या लाइनमधला आहे. त्याला फोन केला तर म्हणाला अपडेटच बंद करून टाक, काय गरज आहे, चालतंय ना. मला पण मोह झाला. सोपं होतं, एक सर्व्हिस बंद करायची की विषय संपला. पण मला वॉनाक्राय नावाच्या व्हायरसचं प्रकरण आठवलं. २०१७ सालचं. मे महिन्याच्या १२ तारखेला ते सगळीकडे पसरलं, हॉस्पिटलं अडकली, ऑफिसं अडकली, फाइली कुलूपबंद करून पैसे मागत होते. आणि ज्या भोकातून ते आत शिरलं त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं छोटं अपडेट, १४ मार्चलाच येऊन पडलेला होता. दोन महिने आधी. म्हणजे ज्यांच्याकडे घुसलं त्यातल्या कितीतरी जणांनी "चालतंय ना" म्हणून अपडेट लावलं नव्हतं, किंवा लागत नव्हतं म्हणून सोडून दिलं होतं, माझ्यासारखं. बाबांचं बँकेचं सगळं याच मशीनवर चालतं. बंद नाही केलं. पण वर पण जाता येईना, अशी अवस्था.

त्या रात्रींमध्ये, ते मागे घेणं चालू असताना, मी मोबाइलवर बसून दुसऱ्यांच्या अपडेटच्या कहाण्या वाचायचो. दुःख वाटून घेतल्यासारखं. आणि वाचून कळलं की यात कुणाचाच हात स्वच्छ नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंटच्या फाइलीच उडाल्या, थोड्याच दिवसांत ते थांबवावं लागलं, नोव्हेंबरमध्ये परत सोडलं. कारण बघा किती बारीक, ज्यांनी डॉक्युमेंटचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवला होता पण काही फाइली जुन्या जागी तशाच राहिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने फालतू समजून साफ केला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मॅकचं बिग सर आलं तर २०१३ आणि २०१४ च्या काही तेरा इंची मॅकबुक प्रोची स्क्रीन काळीच राहायला लागली. उबंटू ही लिनक्सची सिस्टम वापरणारे म्हणतील आमच्याकडे असलं नसतं, तर २०१७ च्या डिसेंबरमध्ये उबंटू १७.१० चं डाउनलोड काढून घ्यावं लागलं होतं, कारण त्यातल्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपचं बायोसच, म्हणजे सिस्टमच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रामच, बिघडत होतं, सेटिंग सेव्हच होईना.

हे सगळं वाचून माझं एक मत झालं. यातल्या बहुतेक किश्शांत बिघाड झाला तो कोऱ्या मशीनवर नाही, वापरलेल्या मशीनवर, कुणाचा फोल्डर हलवलेला, कुणाचं मॉडेल जुनं. घरचा कॉम्प्युटर म्हणजे जुन्या घरासारखा असतो, कुठे कुणी कधी खिळा मारला ते मालकाला पण आठवत नाही. आणि मोबाइलवर हा त्रास कमी का होतो ते पण तेव्हाच कळलं. अँड्रॉइडमध्ये ७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, अशी सोय आहे की सिस्टमच्या दोन जागा ठेवायच्या, एकीत चालू सिस्टम, दुसरीत नवी गुपचूप भरायची, रिस्टार्ट केलं की नवीवर जायचं, नाही चालली तर जुनी तशीच्या तशी आहेच. सगळे मोबाइल तसं करत नाहीत, पण कल्पना किती साधी. आणि इथे माझ्या टेबलावर ४०० जीबी रिकामी पडलेली असताना रोज सव्वा तास बदल मागे घेणं चालू.

तर आता माझी स्वतःची चूक, सगळ्यात मोठी. अठराव्या दिवशी कुठेतरी वाचलं की बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (चालू होताना फक्त ओळखीचीच सिस्टम सुरू होऊ देणारी राखण) बंद करा, मग अपडेट जातं. हे कुणी, कशाच्या आधारावर लिहिलं होतं देव जाणे. मी रात्री साडेअकराला, घरात सगळे झोपल्यावर, बायोसमध्ये गेलो, सिक्युअर बूट बंद केलं, सेव्ह केलं, बाहेर आलो.

निळा पडदा. रिकव्हरी की टाका. ४८ आकडे.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी हिच्या कामासाठी म्हणून डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, केली होती. एन्क्रिप्ट केल्यावर कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहते आणि सगळं नेहमीसारखं असेल तर ती चिप आपोआप दार उघडते, आपल्याला कळत पण नाही. पण चालू होण्याच्या पद्धतीत काही बदललं, आणि सिक्युअर बूट बंद करणं म्हणजे तर सरळसरळ बदल, की चिपला वाटतं कुणीतरी डिस्क पळवून दुसरीकडे लावली आहे, आणि ती गप्प बसते. मग तो ४८ आकडी नंबर लागतो, सहा सहाचे आठ गठ्ठे. तो सेटअपच्या वेळी कुठल्या तरी अकाउंटला सेव्ह झालेला असतो. कुठल्या? हिचा मेल आयडी तीन वेळा बदललेला.

हिला उठवलं नाही. हिंमत झाली नाही. माझ्या मेलमध्ये शोधलं, जुन्या कागदांच्या फाइलीत शोधलं, एका डब्यात तीन जुने पेनड्राइव्ह सापडले ते लॅपटॉपला लावून बघितले, एकात लेकीच्या बालवाडीतल्या नाचाचा व्हिडिओ निघाला, तो पण पूर्ण बघितला. पहाटे साडेतीनला मला १९ जुलै २०२४ आठवला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची एक चुकीची अपडेट फाइल सुटली होती आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली होती, विमानतळांवर लाइनी लागल्या होत्या. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती, पण तोपर्यंत पडलेली मशीन आपणहून उठेनात, एकेका मशीनपुढे माणसाने बसून ती फाइल काढावी लागत होती आणि जिथे डिस्क एन्क्रिप्ट होती तिथे आधी असलीच की शोधावी लागत होती. तेव्हा बातम्या बघताना मी म्हटलं होतं, एवढ्या मोठ्या कंपन्या, साधी की नीट ठेवता येत नाही?

सकाळी सहाला मित्राला फोन. त्याने आधी शिव्या दिल्या, मग विचारलं काय बदललंस? सिक्युअर बूट. मग परत चालू कर ना ते. एवढंच. परत चालू केलं, आणि मशीन काही न विचारता सुरू झालं. चिपला हवं होतं तसं सगळं परत जागच्या जागी दिसलं, तिने दार उघडलं. सहा तास मी की शोधत होतो आणि उपाय एका टिकमार्कचा होता. पहिलं काम काय केलं असेल तर मशीनच्या आतूनच ती की काढली, कारण आत शिरल्यावर ती दिसते. कागदावर छापली, आणि बाबांनी तो नंबर वहीत हाताने पण उतरवला, मी वाचतोय, ते लिहितायत, मग ते वाचतायत, मी तपासतोय. त्यांनी एकदाही विचारलं नाही की रात्रभर दिवा का चालू होता.

पण त्याच वहीत पुढचं पान उलटताना ते कोष्टक परत समोर आलं. १८ दिवस. १४ नोंदी. सगळ्या ७१. आणि शेवटच्या रकान्यात परत फिरल्याची वेळ, मिनिटासकट. १०.४७. ६.१३. ११.५२.

तेव्हा ट्यूब पेटली. नेट खराब असतं तर कधी ३० ला पडलं असतं कधी ८० ला. दर वेळी त्याच पायरीवर ठेच लागते म्हणजे पायरीवर काहीतरी आहे. आणि अपडेट करताना सिस्टम प्रत्येक गोष्ट एका लॉग फाइलमध्ये लिहीत असते हे मला माहीत होतं, मी ती आधी एकदा उघडून बघितली पण होती, हजारो ओळी, त्यात फेल्ड असा शब्द शोधला तर शेकडो ठिकाणी, बहुतेक निरुपद्रवी. घाबरून बंद केली होती. आता माझ्याकडे वेळ होती. म्हटलं १०.४७ च्या आधीच्या दोन मिनिटांत काय लिहिलंय तेवढंच बघू.

त्यात पण एक फाटा फुटलाच. त्या टप्प्यावरच्या लॉगमधली घड्याळाची वेळ आमच्या वेळेशी जुळेना, काही तासांनी सरकलेली. अपडेटच्या मधल्या टप्प्यात एक छोटी तात्पुरती सिस्टम चालते, तिला आपण कुठल्या टाइमझोनमध्ये आहोत त्याच्याशी देणंघेणं नसतं. पण फरक दर वेळी तेवढाच होता. तो वजा केला की बाबांची वेळ जुळत होती, ४६ आणि ४७ च्या मधे. आणि तिथे एक ओळ. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, फाइली लिहिता येत नाहीत, पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या त्या वेगळ्या पाडलेल्या भागात, जागा अपुरी. सकाळी ६.१३ च्या नोंदीला तपासलं, तीच ओळ. ११.५२, तीच.

म्हणजे मशीनला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अगदी नेमकं, कुठली जागा, किती कमी, सगळं. त्याने ते स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं आणि आम्हाला सांगितलं "काहीतरी चुकलं".

तर ती जागा कुठली? डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं लपवलेलं पार्टिशन असतं, ईएफआय पार्टिशन म्हणतात, फाइल बघायच्या खिडकीत ते दिसत पण नाही. कॉम्प्युटर चालू झाल्यावर पहिल्यांदा तिथे बघतो की सिस्टम कुठून सुरू करायची. माझ्या मशीनवर ते होतं १०० एमबीचं. १ टीबीची डिस्क आणि त्यात १०० एमबीचा हा कोनाडा. त्यातली मोकळी जागा निघाली ४ एमबी. अपडेटला हवी होती १५ च्या आसपास. म्हणजे ११ एमबी. मोबाइलवरच्या तीनचार फोटोंएवढी जागा. त्यासाठी बावीस दिवस, एक मीटिंग, एक रविवार आणि एक रात्र.

आणि तो कोनाडा भरला कुणी? मी. चार वर्षांपूर्वी हौसेने दुसरी सिस्टम म्हणून लिनक्स टाकून बघितलं होतं, दोन महिने वापरलं, मग काढून टाकलं. काढलं म्हणजे त्याचं मोठं पार्टिशन उडवलं आणि जागा परत जोडून घेतली. पण त्या लिनक्सची पद्धत अशी होती की ते आपला कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, आणि त्याच्याबरोबरच्या फाइली त्या ईएफआयच्या कोनाड्यातच ठेवायचं. दोन आवृत्त्यांचे दोन संच, मिळून ६८ एमबी. भाडेकरू गेला, सामान माळ्यावर राहिलं. तोपर्यंतची छोटी छोटी अपडेट त्या उरलेल्या ४ एमबीत कशीबशी निभावली, हे वर्षातून एकदा येणारं मोठं होतं, ते अडकलं.

मित्राला विचारून, एकविसाव्या दिवशी रात्री, यावेळी घरातले सगळे जागे असताना, अ‍ॅडमिनच्या कमांडच्या खिडकीतून त्या लपलेल्या पार्टिशनला ड्राइव्हसारखं एक अक्षर दिलं, आत गेलो, त्या जुन्या फोल्डरची आधी पेनड्राइव्हवर कॉपी काढली आणि मग तो फोल्डर उडवला. बाकी कशाला हात लावला नाही. आणि हो, त्याआधी डिस्कचं एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवून ठेवलं, कारण आता मला अक्कल आली होती. आजूबाजूचं काही उडालं असतं तर मशीन सुरूच झालं नसतं, म्हणून कुणी हे वाचून लगेच तिथे जाऊन साफसफाई करू नका, आधी काय कुणाचं आहे ते नक्की करा, माझा हात एंटरवर असताना थरथरत होता हे खोटं नाही सांगत. मोकळी जागा ७२ एमबी.

अपडेट सुरू केलं आणि मी खोलीतून बाहेर गेलो. बाबा बसले समोर, वही घेऊन. ६४ झालं, त्यांनी हाक मारली. ७०. लेक पण येऊन उभी. ७१. ७१ वर तीन मिनिटं थांबलं. कुणी काही बोलेना. मग ७२. लेक ओरडली. बाबांनी फक्त घड्याळ बघितलं आणि लिहिलं.

पूर्ण व्हायला रात्रीचा एक वाजला, म्हणजे दिवस बावीसावा. मी एन्क्रिप्शन परत चालू केलं, प्रिंटर जोडून बघितला, हिची कामाची फाइल उघडून बघितली, सगळं होतं. मग त्या कंपनीला फीडबॅक पाठवायची जी चौकट असते तिथे मी सविस्तर लिहिलं की बाबांनो तुमच्या प्रोग्रामला कारण माहीत असतं तर ते स्क्रीनवर एका ओळीत लिहायला काय होतं, "बूट पार्टिशनमध्ये ११ एमबी कमी आहे" एवढंच. पाठवा दाबलं तर आलं, काहीतरी चुकलं, नंतर पुन्हा प्रयत्न करा. हे मी रचून सांगत नाहीये, नेटची वायर मीच काढून ठेवली होती अपडेटच्या आधी, आणि परत लावायला विसरलो होतो. वायर लावून परत पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

आता मी काय करतो, तर मोठं अपडेट आलं की दोनतीन आठवडे पुढे ढकलतो, ती सोय सेटिंगमध्येच असते, सुरक्षेचे छोटे पॅच मात्र येतील तसे लावतो. रविवारी दुपारी लावतो, चौघांना आधी सांगून. ती ४८ आकडी की दोन ठिकाणी कागदावर आहे.

सकाळी बाबांची वही टेबलावर उघडीच होती. शेवटची नोंद, तारीख, सुरू १०.२०, पूर्ण १.०५, टक्क्यांच्या रकान्यात १००, आणि त्याखाली पट्टीने आखलेलं नवं रिकामं कोष्टक, वर पुढच्या महिन्याचं नाव.